समुद्राच्या वाट्याचं पाणी

आखाडाचे शेवटचे दिवस होते. सारंगखेड्याच्या पुलाशी एसटी रेंगाळली. पुढे मोटारसायकली आडव्यातिडव्या लागलेल्या, माणसं कठड्याला टेकून पूर बघत होती. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले होते, इथल्या बॅरेजचेही उघडे होते, आणि तापी दोन्ही थड्या भरून चालली होती. पाणी मातकट आणि जड. मधूनच एखादं उपटलेलं झाड, पऱ्हाट्यांचा भारा, प्लॅस्टिकचा ड्रम वाहत जायचा. खिडकीतून ओल्या मातीचा आणि कुजलेल्या चाऱ्याचा मिसळलेला वास आत येत होता. माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक बाबा बसले होते. बराच वेळ ते बाहेर पाहत राहिले आणि मग कुणाला उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाले, "इतलं पानी दखा, बठ्ठं समिंदरमा वाया जाई राह्यनं." पुढच्या सीटवरच्या बाईने मान हलवली. कंडक्टरही म्हणाला, "आनि आपलं वावर कोल्लं." म्हणजे शेत कोरडं. गाडी हलली. विषय संपला.

माझ्या मांडीवर दोंडाईच्याच्या बाजारातून घेतलेली पिशवी होती. तिच्यात वर मिरच्या, खाली कागदात गुंडाळलेले सुके बोंबील. श्रावण लागायच्या आत एकदा घरात बोंबलाचं कालवण व्हावं म्हणून घेतलेले. कागद कितीही घट्ट बांधला तरी बोंबील आपला पत्ता लपवत नाही. त्या बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पारावर, लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या सभेत. त्या दिवशी मात्र ते मनात अडकून बसलं, कारण ते ऐकताना पिशवीतून समुद्राचा वास येत होता.

आधी हे सांगायला हवं की त्या बाबांच्या बोलण्यामागची तहान मला परकी नाही. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. आमच्या टेकाडावर उभं राहिलं की तापी दिसायची, खाली, खोल, खोऱ्याखोऱ्यांनी कापलेल्या काठांच्या तळाशी. दिसायची आणि मिळायची नाही. उन्हाळ्यात आई आणि काकू पहाटे विहिरीवर नंबर लावायच्या; विहिरीत उतरलेली पोरं वाटीने पाणी बादलीत भरायची. तळाचं ते पाणी गढूळ असायचं, फडक्यातून गाळून घेतलं तरी दाताखाली रेती लागायची. उपसा सिंचनाची योजना आली, पाइप आले, मोटारी आल्या, मग विजेची थकबाकी आली आणि पाइपांत चिमण्यांनी घरटी केली. अमळनेर तालुक्यात पाडळशाचं धरण दोन दशकांहून जास्त काळ बांधलं जातंय. तापीच्या पाण्यातला महाराष्ट्राचा 191 टीएमसीचा हिस्सा हा आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो, आणि त्यातलं किती आपण खरंच अडवू शकलो हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. अशा गावात वाढलेल्या माणसाने पूर बघून हळहळू नये, असं मी म्हणणार नाही.

पण ते पाणी समुद्रात जातं, हे कुणी पाहिलंय?

सारंगखेड्याहून निघालेला पूर प्रकाशाला जातो, केदारेश्वराच्या घाटाच्या पायऱ्या बुडवतो आणि पुढे गुजरातच्या हद्दीत शिरून एका भिंतीला जाऊन टेकतो. उकाई. 1972 साली पूर्ण झालेलं हे धरण मुळात सुमारे साडेआठ हजार दशलक्ष घनमीटरचं, म्हणजे तीनशे टीएमसीचं. आपलं जायकवाडी त्यात जवळपास तीन वेळा मावेल. त्याची फुग नवापूर तालुक्यापर्यंत मागे आलेली आहे. मी नवापूरच्या बाजूने ती पाहिली आहे. डोंगरांच्या पायथ्याशी निळंशार, सपाट पाणी, मधेच बेटं होऊन उरलेले टेकड्यांचे माथे, आणि काठाला लागलेल्या छोट्या होड्या. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली त्यांचीच पुढची पिढी त्या होड्यांतून मासे धरते. तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो पाण्याचा रंग. सारंगखेड्याला जे पाणी मातीने इतकं भरलेलं असतं की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, ते इथे पोचून थांबलेलं असतं, आणि थांबलं की माती खाली बसते. भिंतीच्या पलीकडे जे सोडलं जातं ते नितळ. त्यातलं बरंचसं काकरापारच्या बंधाऱ्याहून कालव्यांत वळतं, दक्षिण गुजरातच्या उसाला जातं, हजिऱ्याच्या कारखान्यांना जातं, सुरतेच्या नळांना जातं. सुरतेत सिंगणपूरला आणखी एक बंधारा आहेच.

उधना आणि लिंबायतच्या नळांना ते पाणी येतं आणि त्या वस्त्यांत अर्धा खानदेश राहतो, हेही लक्षात ठेवायला हवं. माझा मामेभाऊ तिथे लूमवर कामाला आहे. गावी ज्या पाण्यासाठी त्याच्या आईने जन्म घालवला, तेच पाणी तो सुरतेत पितो. बसमधल्या बाबांचा एखादा नातूही तिथेच असेल. तेव्हा पाणी वाया गेलं की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या पुलावर उभं राहून देणं अवघड आहे. मोठा पूर आला की दरवाजे उघडतात, खाली सोडावंच लागतं. ऑगस्ट 2006 मध्ये असं सोडलेलं पाणी जवळजवळ सगळ्या सुरतेत शिरलं होतं. पण एरवी, वर्षाचे बहुतेक दिवस, तापी समुद्राला भेटते ती नावापुरती.

त्या मामेभावाकडे गेले असताना आम्ही एकदा डुमसला गेलो होतो. पोरांना समुद्र दाखवायचा होता. ओहोटी होती. समुद्र इतका मागे गेलेला की पोरं विचारायला लागली, आहे कुठे? समोर नुसता चिखल, करडा, चकाकणारा, दूरवर पसरलेला. धाकटा रुसून बसला. मी चपला हातात घेऊन थोडी पुढे गेले. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि बोटांच्या फटीतून तो गाळ वर आला. गार, मऊ, लोण्यागत. चिमटीत धरून चोळला तर रेतीचा कण लागेना. चिखलावर बोटाएवढे मासे पुढच्या परांवर रेटा देत सरपटत होते, निवट्या. माझी सावली पडली की टुणकन बिळात. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी गाळाची बारीक कड. मी तो चिखल हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या मनात आलं की हा माझ्या ओळखीचा आहे. सगळाच नाही, खंबातच्या आखातात नर्मदा येते, मही येते, साबरमती येते, आणि भरती-ओहोटीचं पाणी भावनगरकडे दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळे तिथला गाळ सारखा घुसळला जातो, कुणाचा कुठला ते सांगता येत नाही. पण त्यात आमच्या खोऱ्यांची माती आहे. शेकडो-हजारो पावसाळ्यांची. मुलताईपासून सुरतेपर्यंत सातशे चोवीस किलोमीटर वाहत आलेली, आणि त्यातला मोठा पट्टा खानदेशाचा.

त्या गढूळ पाण्यातच बोंबील राहतो. निळ्या, स्वच्छ समुद्रात तो फारसा जात नाही. त्याला गाळाचं, उथळ, भरती-ओहोटीच्या ओढीचं पाणी लागतं, आणि म्हणून तो गुजरात-महाराष्ट्राच्या या किनाऱ्यावर इतका सापडतो. ओढीच्या पाण्यात डोलजाळी रोवतात, पाणी जाळ्यातून धावतं, बोंबील आणि जवळा आत अडकतो. दोंडाईच्याच्या बाजारात मावशींसमोर पोत्यावर जो ढीग असतो, त्याचं मूळ तिथे. त्यातला एक उचलून नीट पाहिलात तर दिसेल, जबडा वाकडा, आत सुईसारखे मागे वळलेले दात. वाळवताना एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि अशी जोडी दोरीवर टांगतात, एक इकडे, एक तिकडे. बाजारात पोचेपर्यंत जोड्या सुटलेल्या असतात, पण एखादी तशीच राहते. त्या दिवशी मला तशी एक मिळाली. मावशी माझ्याकडे बघून हसल्या आणि वजन करता करता म्हणाल्या, "आते पयलेसारखा मोठा बोंबील येतस नही, ताई. लहानच येतस, आनि भाव दखा." मासे लहान आणि कमी का झाले याला कारणं पुष्कळ आहेत. बारीक आसाची जाळी, बोटींची वाढलेली संख्या, तापलेलं पाणी, कारखान्यांचा मळ. सगळा दोष एका धरणावर टाकणं खरं होणार नाही. पण नदीचा वाटा त्या यादीत क्वचितच कुणी धरतो, आणि आम्ही नदीकाठचे लोक तर मुळीच नाही.

नदी समुद्राला काय देते, हे मी अलीकडच्या काही वर्षांत वाचत गेले. गोडं पाणी हा त्यातला एक भाग. त्यासोबत माती जाते, तिला चिकटलेला स्फुरद जातो, नत्र जातं, आणि आणखी एक गोष्ट जाते जी खाताच्या गोणीवर कधी लिहिलेली नसते: सिलिका. आपला दगड काळा, बसाल्टचा. पावसाच्या पाण्याने तो झिजतो, मुरमाची माती होते, आणि झिजताना त्यातली थोडी सिलिका पाण्यात विरघळते. डोळ्यांना दिसत नाही. ते पाणी समुद्रात पोचलं की तिथे डायटम नावाचे एकपेशी जीव ती उचलून घेतात आणि आपल्या अंगाभोवती काचेची डबी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या डब्या बघितल्या की माणूस थक्क होतो, जाळीदार, कंगोरेदार, एकीची घडण दुसरीसारखी नाही. पावसाळ्यात नद्यांचं पाणी आलं की हे डायटम उसळून वाढतात. त्यांच्यावर बारीक जीव जगतात, त्या जिवांवर जवळा, जवळ्यावर बोंबील. बसाल्टच्या टेकाडापासून दोंडाईच्याच्या पोत्यापर्यंत ही एक सलग ओळ आहे. आम्ही त्या ओळीच्या दोन्ही टोकांना उभे आहोत, आणि मधलं काही आम्हाला कुणी शिकवलं नाही.

धरण बांधलं की या ओळीत खंड पडतो. माती तर बसतेच. पण साठलेल्या स्थिर पाण्यात डायटम धरणातच वाढतात, तिथली सिलिका तिथेच उचलतात आणि मरून तिथल्याच तळाशी बसतात. समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यात ती उणी पडते. उकाई पूर्ण झालं त्याच 1972 साली युरोपात डॅन्यूब नदीवर आयर्न गेट नावाचं धरण पुरं झालं. पुढच्या वर्षांत काळ्या समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सिलिका घटल्याचं दिसलं. खालच्या शेतांतून आणि शहरांतून नत्र आणि स्फुरद मात्र वाढतच होतं. मग ज्यांना काच लागते ते डायटम मागे पडले आणि ज्यांना ती लागत नाही असल्या शेवाळांचा जोर झाला. त्यात त्या एका भिंतीचा वाटा किती आणि वरच्या अनेक लहानमोठ्या धरणांचा किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण समुद्रात काय पिकतं हे बऱ्याच अंशी वरून काय येतं त्यावर ठरतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

नाईलची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण तिथले शेतकरीही आमच्यासारखेच पुराकडे डोळे लावून बसणारे. दर ऑगस्टला नाईलला पूर यायचा, गाळ भूमध्य समुद्रात उतरायचा, मुखाशी डायटमची दाट वाढ व्हायची आणि तिच्यामागे सार्डिनचे, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीच्या माशांचे, थवे यायचे. 1962 च्या सुमारास इजिप्तच्या किनाऱ्यावर वर्षाला अठरा हजार टनांच्या आसपास सार्डिन निघत होती. 1964 मध्ये आस्वानच्या मोठ्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. दशक संपेपर्यंत ही मासळी हजार टनांच्याही खाली आली. मुखाशी रोझेटाचा जो भूभाग समुद्रात पुढे गेलेला होता, तो लाटा खात गेल्या, कारण खाल्लेलं भरून काढायला गाळ येईना. पुढे, 1980 च्या दशकात, मासे परत वाढले. ते वाचून मला आधी बरं वाटलं. मग कारण वाचलं. इजिप्तच्या शेतांतलं रासायनिक खत आणि वाढलेल्या शहरांचं सांडपाणी समुद्राला मिळू लागलं होतं, आणि त्यावर ती वाढ उभी राहिली असं संशोधक सांगतात. नदीने फुकट दिलेलं आता गोणीतून आणि गटारातून जातंय. धरणाने वीज दिली, दुष्काळात धान्य दिलं, तेही खरंच आहे. मी इजिप्तमधल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जन्मले असते तर धरणाच्या बाजूने उभी राहिले असते, यात मला शंका नाही. आणि रोझेटाच्या कोळ्याच्या घरी जन्मले असते तर?

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला एक नाही, दोन नद्या आहेत. दक्षिणेला तापी, उत्तरेच्या कडेला नर्मदा. सातपुड्यातल्या आश्रमशाळेतून पुढे शिकायला आलेल्या मुली माझ्या वर्गात असतात. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली नर्मदाकाठची गावं सरदार सरोवरात बुडाली. मणिबेली त्यांतलं पहिलं. या मुलींच्या आजोबांनी ज्या नदीत मासे धरले ती नदी आता तलाव आहे. एकदा वर्गात सहज नदीवर बोलत असताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे नदी वर चढली, पण खाली कशी झाली असेल?" तिचा प्रश्न तिच्या वयाच्या मानाने फार पुढचा होता. मी तिला धरणाच्या खाली, नर्मदेच्या मुखाजवळ असलेल्या भरूचचं सांगितलं.

भरूचला पाला मासा पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढायचा. बंगालात ज्याला इलिश म्हणतात तोच. त्याला गोड्या पाण्यात अंडी घालायची असतात, आणि नदी फुगून समुद्रात गोडं पाणी शिरलं की त्याला चढायची वेळ कळते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं उलटं आहे. ती नदीत वाढते, पण तिच्या पिल्लांना जगायला मुखाजवळचं मचूळ पाणी लागतं, म्हणून मादी खाली उतरते. एकाला वर जायचं असतं, दुसरीला खाली यायचं असतं, आणि दोघांचं गणित त्या मुखाशी गोडं आणि खारं पाणी कसं मिसळतं यावर बसलेलं. धरणाखाली कोरड्या दिवसांत नदीला किती पाणी सोडायचं, तर आकडा ठरला 600 क्युसेक. हतनूरचे दरवाजे पूर्ण उघडले की लाखभर क्युसेक सुटल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्यावरून नर्मदेसारख्या नदीला 600 म्हणजे काय हे कुणालाही कळेल. उन्हाळ्यात खाली नर्मदा उघडी पडायला लागली, पात्रात समुद्राचं पाणी आत आत शिरायला लागलं, काठच्या विहिरी खारट झाल्या. पाला घटला. त्यावर उपाय म्हणून मुखाजवळ भाडभूतला आता आणखी एक बॅरेज बांधताहेत, म्हणजे खारं पाणी आत येणार नाही आणि गोडं आत राहील. पण जो मासा खाऱ्यातून गोड्यात जातो त्याला मध्ये भिंत लागली की त्याने कुठून जायचं? तिथल्या मच्छीमारांनी हाच प्रश्न घेऊन विरोध केला. एकाच धरणाने वरच्यांची शेतं घेतली आणि खालच्यांची मासळी. वरचे आदिवासी आणि खालचे मच्छीमार यांची आपसात गाठ पडायचं कारण नव्हतं, पण दोघांचं दुखणं एकाच भिंतीपाशी येऊन भेटतं. ती मुलगी ऐकत होती. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आता गाळाचं. मे महिन्यात मी माहेरी होते. गावाजवळच्या पाझर तलावातून गाळ काढणं चालू होतं, सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना. तळाला भेगा पडलेल्या, जेसीबी त्यात दात घालतो आणि काळा, चौकोनी ढेपांचा गाळ वर काढतो. ट्रॉल्यांची रांग. नाना, माझे धाकटे काका, टोपी मागे सारून शेताच्या बांधावर उभे होते आणि ट्रॉली कुठे उलटवायची ते हात करून दाखवत होते. त्यांनी एक ढेप उचलून माझ्या हातात दिली. वरून कडक, आतून अजून ओलसर. फोडली तर पापुद्रे सुटले, एकावर एक, पातळ. एकेका पावसाळ्याचा एकेक थर असावा. मधे शिंपल्याचा तुकडा, एका कुजलेल्या पानाची शीर. नाना म्हणाले, "हाई गाळ नही पोरी, तीन सालनं खत शे." आणि खरंच, मागल्या वर्षी जिथे टाकला होता तिथली कपाशी लांबून ओळखू यायची.

त्या ढेपेकडे पाहताना मला डुमसचा चिखल आठवला. ही माती तिथे जायची होती. आता ती नानांच्या शेतात आली आहे, जिथून तिच्यातली काही मुळात निघाली असेल. याचं वाईट वाटून घ्यावं की आनंद मानावा? मला आनंदच झाला, कपाशी बघून. गावतळ्याचा गाळ शेतात परत गेला तर त्यात समुद्राचंही फार नुकसान नाही. पण उकाईच्या तळाचा गाळ कुणाच्या ट्रॉलीत येणार नाही. जगातल्या नद्यांचा हिशोब 2005 साली काही शास्त्रज्ञांनी मांडला होता. माणसाने जंगलं तोडून आणि जमीन नांगरून नद्यांत जाणारी माती वर्षाला 2.3 अब्ज टनांनी वाढवली, आणि तरीही किनाऱ्याला पोचणारी माती 1.4 अब्ज टनांनी घटली, कारण मधे धरणं आहेत. म्हणजे आपण डोंगर जास्त धुतो आणि समुद्राला कमी देतो. शेताचीही माती जाते आणि किनाऱ्यालाही ती मिळत नाही. मधल्या मधे ती अशा ठिकाणी बसते जिथे तिचा कुणालाच उपयोग नाही, धरणाला तर तोटाच. उकाई आणि हतनूर दोघांचीही साठवण गाळाने कमी होत चालली आहे.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी हे सगळं नानांना सांगितलं. बोंबील, डायटम, नाईल. नाना शांतपणे ऐकतात, मधे बोलत नाहीत, आणि मग एकदम मुद्द्यावर येतात. "पयले आपलं पाडळसं पुरं होऊ दे," ते म्हणाले, "मंग समिंदरना हिशोब करूत." मी म्हटलं, नाना, पाडळसं व्हायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्याच्या वाटणीत गुजरात बसतो, महाराष्ट्र बसतो, मध्य प्रदेश बसतो, कारखाने बसतात, शहरं बसतात. समुद्राचा वाटा मात्र शून्य धरलेला असतो, उरलं तर मिळेल असा. तो मला मान्य नाही. त्याचा वाटा कागदावर हवा. लहान असला तरी हवा.

"कितलं पानी देवानं मंग, ते सांग."

मी त्यांना जुन्या आस्वानचं सांगितलं. मोठ्या धरणाच्या आधी, 1902 साली, इंग्रजांनी तिथे एक लहान धरण बांधलं होतं, खालून 180 दरवाजे असलेलं. पूर यायचा तेव्हा ते दरवाजे उघडे ठेवायचे. गाळाने भरलेलं पाणी सरळ खाली जाऊ द्यायचे आणि पूर ओसरून पाणी निवळायला लागलं की मग अडवायचे. धरणही गाळाने भरत नव्हतं, शेतं आणि समुद्र दोघांनाही माती मिळत होती. साठा कमी व्हायचा, हे खरं, म्हणूनच पुढे मोठं बांधलं. पण पूर निघून जाऊ देऊन मग अडवायचं, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. सारंगखेडा आणि प्रकाशाची बॅरेजं पावसाळ्यात दरवाजे उघडेच ठेवतात आणि पाऊस सरल्यावर भरतात. अमेरिकेत एल्व्हा नावाच्या नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली. दशकानुदशकं अडलेला गाळ समुद्रात उतरला, आणि जिथे नुसते गोटे उरले होते त्या मुखाशी वाळूचा किनारा पुन्हा तयार झाला, सामन मासा वर चढायला लागला. तशी धरणं पाडायची गोष्ट आपल्याकडे मी करणार नाही, ज्या घरात पाणी वाटीने भरलंय त्या घरात बसून तर नाहीच. पण पावसाळ्यातले पहिले, मातीने भरलेले एकदोन पूर भिंतीखालच्या दरवाजांतून जाऊ द्यावेत, जिथे तसे दरवाजे नाहीत तिथे नव्या बांधकामात ठेवावेत, आणि कोरड्या महिन्यांत नदीचं मुख मचूळ राहील इतकं तरी पाणी सोडावं, एवढं मागता येतं.

नानांनी विडी विझवली. शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न काय असणार हे मला ठाऊक होतं, आणि तोच आला. "भादवामा दरवाजा बंद कयात, तं धरन भरी का?"

मी म्हटलं, भरल्या पावसाच्या वर्षी भरेल. आपण पुलावरून बघतो ते दर वर्षीचे लोंढे उगाच येत नाहीत. पाऊस कमी झाला त्या वर्षी नाही भरणार, आणि त्या वर्षी मी समुद्रासाठी थेंब मागणार नाही, आधी प्यायचं पाणी. नानांनी मान डोलावली, पण पटल्याची नव्हे. हिशोब करत असल्याची. थोड्या वेळाने म्हणाले, "तू म्हनस ते आठ सालमाईन पाच साल जमी. पन उकाईवाला ऐकतीन का? आनि तेस्नं नही ऐकं तं आपलं वरनं पानी सोडीसन काय उपेग?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. वरच्याने सोडलेलं खालच्याने अडवायचं असेल, तर समुद्राचा वाटा तिन्ही राज्यांनी एकाच कागदावर लिहायला लागेल, आणि पाण्याच्या बाबतीत तीन राज्यं एका कागदावर यायला किती वर्षं लागतात हे पाडळशाकडे बघणाऱ्या माणसाला सांगायला नको. मी तसं बोलले. नाना म्हणाले, "मंग आतेपासूनच मांगाले सुरू करा. मांगाशिवाय कोन देस?" आणि आत जाऊन काकूंना विचारलं, बोंबील शिजले का.